ताटाची उजवी बाजू

धान्यावांचून मनुष्य उपाशी राहतो, हें सर्वांस कळतें. भाजीवांचून तो उपाशी राहत नाहीं. म्हणून तिची उणीव कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ताट वाढतांना आपण उजव्या बाजूस भाजी आणि डाव्या बाजूस कोशिंबीर वाढतों. शहरांतील पुष्कळ वृद्धांच्या ताटांत वरणभात असतो, वाटींत दूध असतें. परंतु या दोन्ही बाजू आठवड्यांतून कित्येक दिवस रित्याच असतात, नाहींतर उजवीकडे बटाटा आणि डावीकडे लोणचें एवढ्यावर भागविलें जातें. या रित्या जागेविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. प्रौढ माणसाच्या दिवसाच्या आहारांत सुमारें ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळें असावीं, असें त्यांत सांगितलें आहे. जागतिक आरोग्य संघटना तर बटाटा भाज्यांत मोजीतच नाहीं. वय वाढलें कीं भूक मंदावते व ऊर्जेची गरज घटते. जीवनसत्त्वें आणि खनिजें यांची गरज मात्र तशी घटत नाहीं. थोडक्या घांसांतून तेंच पोषण मिळवावयाचें असतें. अशा वेळीं पोटांत चहा-बिस्किटांनीं जागा अडवावी आणि भाजीस जागाच उरूं नये, हें परवडणारें नव्हे.

मग भाजी घरांत कां येत नाहीं? दारिद्र्य हें एक कारण आहेच; परंतु ज्यांस निवृत्तिवेतन मिळतें त्यांच्या घरींही हेंच दिसतें. मंडईपर्यंत कसेंबसें जातां येतें, पण चार किलोंची पिशवी घेऊन तीन जिने चढवत नाहीं. मेथीची जुडी दोघांस पुरते, एकट्यास उरते. ती तिसऱ्या दिवशीं पिवळी पडते, आणि ‘फुकट जाते, म्हणून नको’ असा घरांत नियमच होऊन बसतो. मुलें दूरदेशीं बसून भ्रमणध्वनीवरून भाजी मागवून देतात, ही सोय खरी. तथापि पाव किलो दोडक्यासाठीं रोज कोणाची विनवणी करावी, हें मानी माणसास जड जातें.

सरकारनें धान्याची व्यवस्था केली आहे. २००० सालच्या अन्नपूर्णा योजनेनें निवृत्तिवेतनापासून वंचित राहिलेल्या गरीब वृद्धांस दरमहा १० किलो धान्य देऊं केलें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें कोट्यवधि लोकांस शिध्याचा हक्क दिला. परंतु गहू-तांदूळ कोठारांत महिनोन्महिने टिकतात, पालक दुसऱ्या दिवशीं कोमेजतो. जें काम कोठारास जमत नाहीं तें शेजारानें अंगावर घेतलें पाहिजे, हें माझ्या म्हणण्याचें सार आहे.

अमेरिकेंत या प्रश्नावर एक मार्ग निघाला. तेथें २००१ सालीं प्रयोगादाखल एक योजना सुरू झाली व २००२ च्या कृषिकायद्यानें तिला स्थान मिळालें. ६० वर्षांवरील अल्प उत्पन्नाच्या वृद्धांस कुपनें दिलीं जातात आणि तीं शेतकऱ्यांच्या बाजारांत ताजीं फळें, भाज्या, मध यांसाठीं वापरतां येतात. रक्कम लहानच आहे, पण दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. कोणती भाजी घ्यावयाची, तें वृद्ध स्वतः ठरवितो. आणि ज्यास बाजारापर्यंत जाववत नाहीं, त्याच्या वतीनें दुसऱ्यानें खरेदी करण्याची तरतूद आहे.

आपल्याकडे बाजार वस्तीजवळ आणण्याचें काम झालेलें आहे. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून मुक्त केला आणि शहरांतून शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरविण्यास चालना दिली. त्या अभियानास संत सावता माळी यांचें नांव दिलें, हें उचितच झालें. अरणचा हा मळेकरी मळा सोडून पंढरीस गेला नाहीं. विठ्ठलच त्याच्या मळ्यांत आला, अशी आख्यायिका आहे. देव मळ्यापर्यंत येतो, तर भाजी तिसऱ्या मजल्यापर्यंत कां येऊं नये?

शहरांत ठिकठिकाणीं ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांनीं हें सहज करावें. आठवडे बाजाराचा पहिला अर्धा तास वृद्धांसाठीं राखून घ्यावा व तेथें चार खुर्च्या मांडाव्या. ज्यांस उतरवत नाहीं अशा दहा-बारा घरांची यादी आदल्या सायंकाळीं करावी. एक जुडी तीन घरांत वांटावी, भोपळ्याच्या फोडी कराव्या. पिशव्या पोंचविण्यास विद्यार्थी मिळतील. त्यांनीं पिशवी दारांत ठेवून न पळतां दोन मिनिटें बसावें. ऐपतदारांनीं कांहीं रक्कम आगाऊ भरावी आणि ज्यांस परवडत नाहीं त्यांस तींतून चिठ्ठ्या द्याव्या. मात्र चिठ्ठी सर्वांचीच एका रंगाची असावी. कोणाची विकतची आणि कोणाची फुकटची, हें भाजीवाल्यासही कळूं नये.

एक सावधगिरी सांगतों. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं, तसेंच रक्त पातळ करण्याचें औषध घेणाऱ्यांनीं, कोणती भाजी किती खावी हें वैद्याच्या सल्ल्यानें ठरवावें. दांत नसतील तर दुधी, पडवळ, पालक मऊ शिजवावा, गाजर किसून घ्यावें, आणि पालेभाजीवर पानांत लिंबूं पिळावें. तिच्यांतील लोह अंगीं लागण्यास त्यानें साह्य होतें.

वृद्धांस आपण अन्न देतों, औषध देतों. निवड मात्र नकळत काढून घेतों. आयुष्यभर वांगें हातांत घेऊन, त्याचें देंठ पाहून घासाघीस करणाऱ्या गृहिणीस ‘आणलें आहे तें खा’ असें सांगणें, हेंही एक प्रकारचें उपाशी ठेवणेंच होय. यासाठीं संघाची सभा भरण्याची वाट पाहूं नका. या आठवड्यांत बाजारास निघालां कीं शेजारच्या दारीं थांबून विचारा, “आजी, तुमच्यासाठीं काय आणूं?” पहिलें उत्तर “कांहीं नको” असेंच येईल. दुसऱ्यांदा विचारा.