मोंते सांतोवरील भग्न मनोरा

जुन्या गोव्यास जाणारा प्रवासी बॉम जेझूचे दर्शन घेतो, से कॅथेड्रल पाहतो आणि परततो. पश्चिमेच्या मोंते सांतो टेकडीवरील जांभ्या दगडाचा भग्न मनोरा मात्र बहुधा त्याच्या वाटेबाहेरच राहतो.

संत ऑगस्टिनच्या संन्याशांनी १६०२ मध्ये पुरे केलेल्या चर्चचा हा अवशेष. १८३५ मध्ये पोर्तुगीज सत्तेने धर्मसंघ बंद केले व मठ ओस पडला. १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग ढासळला. आज उरला आहे तो सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा. त्याची प्रचंड घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे.

जॉर्जियाची राणी केतेवान हिने १६२४ मध्ये इराणात धर्मासाठी प्राण दिले. संन्याशांनी तिच्या अस्थी येथे आणून जपल्या. उत्खननात सापडलेल्या अस्थींची ओळख हैदराबादच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने २०१३ मध्ये पटली आणि २०२१ मध्ये त्यांतील काही भाग भारताने जॉर्जियास भेट दिला.

ही वास्तू शत्रूने पाडली नाही. सांभाळणारे हात गेले, म्हणून ती पडली. प्रवाशाने तेथे घटकाभर थांबावे आणि आपल्या गावची जुनी वास्तू कोणाच्या हाती आहे, याचा विचार करीत टेकडी उतरावी.