परसांतील पाहुणे : कोरफड कीं मेथी?

जालन्यांत परसांत कांहीं लावावयाचें ठरविणाऱ्या गृहस्थानें मातीआधीं पाण्याच्या हंड्याकडे पाहावें. जिल्ह्याचा सरासरी पाऊस सुमारें ७०० मिलिमीटर. तोहि चार महिन्यांत यावयाचा आणि मध्येंच तोंड फिरवावयाचा. २०१२-१३ च्या दुष्काळांत येथील मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या आणि घरोघरीं टँकरची वाट पाहावी लागली. अशा ठिकाणीं मेथी लावावी कीं कोरफड, हा प्रश्न निव्वळ हौसेचा राहत नाहीं.

भर उन्हाळ्यांत एक चौरस मीटरचा वाफा दिवसाला ६-७ लिटर पाणी पितो. मेथी महिन्याभरांत खुडावयास येते; म्हणजे तीन-चार जुड्यांपायीं जवळजवळ २०० लिटर पाणी खर्चीं पडलें.

कोरफडीचा संसार निराळा. बहुतेक झाडें दिवसा पानांचीं रंध्रें उघडतात आणि उन्हांत पाणी गमावतात. कोरफड तीं रात्रीं उघडते, लागणारी हवा आंत घेऊन ठेवते आणि दिवसा दारें लावून स्वयंपाक करते. पंधरवड्यास एक तांब्या तिला पुरे. मात्र जालन्याची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि रोज प्रेमानें पाणी घालणाऱ्यांच्या घरींच तिचीं मुळें कुजतात! तिला मुरूम-वाळूच्या उंचवट्यावर बसवावी.

‘पण ताटांत काय वाढावें?’ हा गृहिणीचा प्रश्न रास्त आहे. थंडींत तिनें मेथी-शेपू खुशाल पेरावी. फाल्गुन लागल्यावर ते वाफे मोडावेत आणि तांदूळ-डाळीचें धुवण घोळीला द्यावें. शेतकरी जिला तण म्हणून उपटतो तीच ही घोळ. उपटून टाकली तरी ओल मिळतांच पुन्हा मूळ धरते. ती पालेभाजीहि आहे आणि रसाळ पानांचीहि. पाणी आहे तोंवर झपाट्यानें वाढते. ताण पडला कीं कोरफडीप्रमाणें रात्रीं हवा घेऊं लागते. त्या दिवसांत पहाटे खुडलेली घोळ संध्याकाळच्या घोळीपेक्षां आंबट लागते, कारण रात्रीं सांठलेलें आम्ल दिवसा संपतें. मुगाची डाळ आणि लसणाची फोडणी दिली कीं भाकरीबरोबर ती छान जाते. मूतखड्याचा विकार असणाऱ्यांनीं मात्र बेतानें खावी.

जालना हें बियाण्यांच्या व्यापाराचें मोठें ठाणें. ‘महिको’ ही कंपनी १९६४ सालीं येथेंच निघाली. घोळीचें बीं मात्र दुकानांत शोधावयास नको. पावसाळ्यांत कोणत्याहि शेताच्या बांधावरून मूठभर फांद्या आणल्या कीं काम भागतें.