इटियाडोहापेक्षा मोठे पाणी
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सचिवसाहेबांनी मला आमच्या कोकण प्रवासावर दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. बँकेतला माणूस आहे, हिशेब चुकणार नाही.

मी मूळचा केशोरीचा. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव. नवेगावबांध आणि इटियाडोह, यापलीकडे आमची नजर जात नव्हती. नोकरीत असताना आईने एकदा विचारले, "समुद्र आपल्या इटियाडोहापेक्षा मोठा रायते का रे बाबू?" मी म्हटले, "चल, दाखवतो तुला." प्रवास सवलत दर खेपेला मिळायची. पण कधी ऑडिट, कधी मार्चचे क्लोजिंग, कधी मुलांच्या परीक्षा. आई गेली. ही थकबाकी माझ्या नावावर कायमची राहिली.

निवृत्तीनंतर मी आणि सौ. निघालो. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूर, तिथून एसटीने घाट उतरून मालवण. मला वाटायचे, एक किनारा पाहिला की सगळे पाहिले. तसे अजिबात नाही हो! तारकर्लीची वाळू पांढरी. गुहागरला सुरूच्या झाडांमागे लांबच लांब किनारा. दापोलीजवळ लाडघरला पाणी तांबूस दिसते, म्हणून त्याला तामसतीर्थ म्हणतात. हेदवीला खडकाच्या चिरेत भरतीचे पाणी घुसून उंच उडते, ती बामणघळ. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. वेळासचे गावकरी तर समुद्री कासवांची अंडी जपतात आणि पिल्ले निघाली की पाण्यात सोडतात. दाभोळला खाडी ओलांडायला फेरीबोट. आमची गाडीसुद्धा बोटीत चढली!

मालवणला रापण पाहिली. होडीतून मोठे जाळे अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळे मिळून ओढतात. मग मासळीचे वाटे पडतात. एक म्हातारेबाबा दोराला नुसता हात लावून उभे होते. ओढायची ताकद उरली नव्हती. तरी वाटा त्यांनाही मिळाला. कुणी कुरकुर केली नाही. सहकार म्हणजे काय, हे मला चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणी इतके सोपे करून सांगितले नव्हते.

सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो. चहूकडे खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी त्यांची नावे. सौ. विहिरीत वाकून पाहत राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई असत्या तर इथून हलल्या नसत्या." मी काहीच बोललो नाही.

आता मुद्द्याचे. यंदा सोसायटीची सहल काढायचे घाटते आहे. थंडीत जा. गणपतीपुळ्याचा समुद्र फसवा आहे, स्थानिकांना विचारल्याशिवाय कुठेच पाण्यात उतरू नका. आणि एक विनंती. "आम्हाला गुडघ्याचा त्रास, आम्ही नाही येत," असे म्हणणाऱ्या आजी-आजोबांच्या जागा आधी राखा. दोराला नुसता हात लावला तरी वाटा त्यांचा आहेच. या इमारतीचे पहिले हप्ते त्यांनीच पोटाला चिमटा काढून भरले आहेत.

आणि घरी कुणी समुद्राबद्दल विचारले, तर "पुढच्या वर्षी" म्हणू नका.