नवराबायको सुटतात, मायबाप सुटत नाहीत
(शेंदूरजनाघाट येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



नवराबायकोचे पटेनासे झाले म्हणजे दोन्हीकडची माणसे जमतात. भांडी मोजतात, दागिने मोजतात, लग्नाला कोणाचा किती पैसा लागला ह्याचा हिशेब करतात. दुपार टळली, माणसे थकली, म्हणजे कोणीतरी म्हणतो, "बरं, आता लेकराचं काय?" आणि दुसरा उत्तर देतो, "पोरगं बापाचं, पोरगी मायची." झाला निकाल! पितळी घागरीवर घंटाभर वाद चालतो आणि जिवंत लेकराचा निकाल एका वाक्यात लागतो. आमचे आजचे बोलणे ह्या एका वाक्यावर आहे.

आपल्या कष्टकरी जातींत काडीमोड आणि पाट ह्या गोष्टी नव्या नाहीत. वरिष्ठ म्हणविणाऱ्या घरांत बालविधवेचे केस उतरविले जात होते, त्या काळीही आपल्या बाईला दुसरे घर करण्याची मुभा होती. ह्या चालीची आम्हांस लाज वाटत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीने मिळणारी फारकत रद्द केलेली नाही. मात्र तशी रूढी जातीत खरोखर आहे हे कोर्टात सिद्ध करावे लागते. पण एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. काडी मोडली म्हणजे नवराबायको सुटतात. मायबाप सुटत नाहीत.

आता स्टँपाच्या कागदाकडे वळू. शंभर-पाचशेचा स्टँप आणतात, त्यावर लिहितात, "मुलगी आईकडे राहील, तिच्या खाण्यापिण्याशी व शिक्षणाशी बापाचा काही संबंध राहणार नाही." बाई अंगठा देते, पंच सही करतात. बाईला वाटते आपले हात कापले गेले. बापाला वाटते आपण मोकळे झालो. दोघांचीही समजूत खोटी आहे. लेकराची पोटगी हा लेकराचा हक्क आहे. जो हक्क आईचा नाही, तो आई लिहून कशी देणार? शेजाऱ्याचे शेत आपण विकू शकतो काय? तसेच लेकराने कोणाकडे राहावे ह्याविषयीचा करार कोर्टाला बांधत नाही. लेकराचे हित त्यात नाही असे दिसले, तर कोर्ट तो बाजूस ठेवते. सबब असा कागद झाला असला तरी कोणी हताश होऊ नये.

मग कायदा काय म्हणतो? आम्ही अध्यापक विद्यालयात मराठीतून शिकलेले गावचे मास्तर, वकील नव्हे. तरी जे मोठे मोठे मुद्दे आहेत ते प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजेत.

पालकत्वाचा मूळ कायदा १८९० चा आहे आणि तो सर्व धर्मांच्या लोकांस लागतो. त्यापुढे १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा आला. तो हिंदूंप्रमाणे बौद्ध, जैन व शीख घरांसही लागतो. त्यात बापाला पहिला नैसर्गिक पालक म्हटले व 'त्याच्या पश्चात' आईला. पण त्याच कायद्यात सांगितले की पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईजवळ असावे, आणि सर्वांत वरचढ गोष्ट म्हणजे लेकराचे कल्याण. 'पोरगं बापाचं' हा नियम कायद्याच्या कोणत्याही पानावर नाही.

त्या 'पश्चात' शब्दाने पुष्कळ बायांना छळले. बाप जिवंत आहे, मग आईची सही चालत नाही, असे कचेऱ्यांतून ऐकावे लागे. १९७० साली शेतजमिनीच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयापुढे अशी मायलेक आली की जिचा नवरा वीस वर्षांहून अधिक काळ वेगळा राहत होता आणि मुलीचा सारा कारभार आईच पाहत होती. न्यायालयाने म्हटले, असा बाप लेकरापुरता नसल्यासारखाच. आई हीच पालक. पुढे १९९९ साली गीता हरिहरन ह्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने खुलासा केला की 'पश्चात' म्हणजे केवळ मरणानंतर नव्हे. बाप लक्ष घालीत नसेल, दूर असेल, तरीही आई पालक आहे. पहिला धडा शेताच्या बांधावरून आला हे आपण शेतकऱ्यांनी विसरू नये.

ताबा ठरविताना न्यायाधीश लेकराचे वय पाहतात, त्याची तब्येत व शाळा पाहतात, मायबापाची वागणूक पाहतात. लेकरू जाणते असेल तर त्याला जवळ बसवून त्याचे म्हणणे विचारतात. कोणाचा वाडा मोठा व कोणाच्या बागेत संत्र्याची झाडे जास्त, एवढ्यावर निकाल होत नाही. पैसा कमी असला तर पोटगी ठरविता येते. माया कमी असली तर ती हुकुमाने भरून निघत नाही.

आता पोटगीविषयी. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम आले आहे. हे कलम धर्म विचारीत नाही. लग्न कायदेशीर होते की नव्हते, हेही लेकराच्या बाबतीत विचारीत नाही. आई ज्या ठिकाणी राहते त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो. आपले गाव पडले सातपुड्याच्या पायथ्याशी. आपल्या सोयरिकी मुलताई-पांढुर्ण्यापर्यंत जातात. माहेरी परत आलेल्या बाईने पोटगीसाठी मध्य प्रदेशच्या कोर्टात खेटे घालण्याची गरज नाही, हे नीट समजून घ्या. ताब्याचा अर्ज मात्र लेकरू जेथे नेहमी राहते तेथल्या जिल्हा न्यायालयात, किंवा कुटुंब न्यायालय असेल तर तेथे करावा लागतो.

अर्ज केव्हा करावा? आजच. ह्याला कारण आहे. आपल्याच विदर्भातले, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातले एक प्रकरण ऐका. २०१३ साली बाईने घर सोडले तेव्हा मुलगा तान्हा होता. त्याच वर्षी तिने अर्ज केला. २०१५ साली न्यायालयाने बायकोला दरमहा १५,००० रुपये व मुलाला आधी ५,००० आणि पुढे १०,००० रुपये तात्पुरती पोटगी ठरविली. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, तेथे हरला. सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथे निकाल लागला तोवर पोरगा शाळेत जाण्याजोगा झाला होता. पण त्या निकालाने साऱ्या देशाकरिता दोन नियम घातले. पहिला, दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, कर्ज व खर्च शपथेवर लिहून द्यावा. दुसरा, पोटगी हुकुमाच्या तारखेपासून नव्हे, अर्जाच्या तारखेपासून मोजावी. म्हणून जो महिना अर्जावाचून गेला तो लेकराच्या ताटातून गेला असे समजा.

बाप म्हणतो, "मला उत्पन्नच नाही." बरे. त्याचा सातबारा काढा, आठ-अ काढा. आंबिया बहार कोणत्या व्यापाऱ्याला दिला, रोपवाटिकेतून कलमे कोठे गेली, हे गावाला ठाऊक असते. ते अर्जात लिहा. हुकूम होऊनही पैसे दिले नाहीत तर वॉरंट निघते, आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र थकबाकीच्या वसुलीचा अर्ज ती देणे झाल्यापासून एका वर्षाच्या आत केला पाहिजे. पुष्कळ बाया येथेच चुकतात. "आज देईल, उद्या देईल" म्हणून वाट पाहतात आणि मुदत निघून जाते.

"हे सारे खरे, पण मास्तर, वकिलाला पैसा कोठून आणावा?" हाच खरा प्रश्न आहे, आणि ह्याचेच उत्तर सांगण्यासाठी आम्ही उभे आहो. गरिबाला फुकट कायदेमदत देणे हे सरकारचे कर्तव्य आहे असे १९७६ च्या दुरुस्तीने राज्यघटनेच्या ३९-अ कलमात घातले. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अंमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे कोणतीही स्त्री आणि कोणतेही मूल ह्यांना फुकट वकील मिळतो. त्यांचे उत्पन्न किती हे विचारले जात नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांनाही तसेच. इतर बहुतेक पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. पण गरीब बाप असेल तर त्यालाही हे दार उघडे आहे.

हे दार कोठे आहे? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, आणि अमरावतीस जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहावा: मी अमुक, माझी लेकरे इतकी, मला वकील पाहिजे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे. तेथला माणूस लिहून घेतो. १५१०० ह्या नंबरावर फोनही करता येतो. वकिलाची फी, कोर्टफी, कागदांच्या नकला ह्यांचा खर्च प्राधिकरण सोसते. दारात कोणी दलाल भेटून "पाचशे द्या, काम करून देतो" म्हणाला तर त्याला रस्ता दाखवा. जाताना लेकराचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, लग्नाचा काही पुरावा आणि नवऱ्याच्या मिळकतीचे कागद घेऊन जावे. मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. त्याच अर्जात लेकराचा तात्पुरता ताबाही मागता येतो. लेकरू कोणी पळवून लपविले असेल, तर नागपूर खंडपीठात लेकरू हजर करण्याचा अर्ज करता येतो.

तडजोडीला आमचा विरोध नाही. उलट, मध्यस्थीने किंवा लोकअदालतीत मिटले तर उत्तम. लोकअदालतीच्या निवाड्यास दिवाणी हुकुमाचे बळ असते; स्टँपाच्या कागदास ते नसते. पंचांनी तडजोड घडवावी, पण ती तेथे नेऊन पक्की करावी. आणि जो पंच म्हणेल की "कोर्टात गेलीस तर वाळीत टाकू," त्याला सांगा की वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता शाळेचे बोलू, कारण ती आमची जागा आहे. आईबापाच्या कज्जात दाखला अडवून धरतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या लेकराचा दाखला अडविता येत नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारताही येत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचे नाव बापाच्या नावाआधी लिहावे असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. विभक्त मायबापाच्या गरजू लेकरांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिची मदत महिन्याला २,२५० रुपये करण्यात आली. तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे जातो.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. ज्याच्याकडे लेकरू राहते तो पुष्कळदा दुसऱ्याची भेट बंद करतो. आई म्हणते, "पैसे देत नाही, तर तोंड पाहू देणार नाही." बाप म्हणतो, "भेटू देत नाही, तर पैसे देणार नाही." दोघेही लेकराची वाटी हिसकतात. पोटगी आणि भेट ह्या दोन्ही लेकराच्या वस्तू आहेत. एकीसाठी दुसरी गहाण ठेवता येत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की लेकराला मायबाप दोघांच्याही मायेचा हक्क आहे, आणि बाप दूर असेल तर फोनवर बोलणे, तोंड पाहणे हेही घडवून द्यावे. शाळेत आम्ही पाहतो, ज्या पोराला घरी बापाचे नाव काढायची चोरी, त्याचे पाढ्यात लक्ष लागत नाही. मार किंवा भीती असेल तेथे गोष्ट वेगळी. तेथे कोर्टाच्या देखरेखीखाली भेट ठेवता येते.

आपण कलमे लावणारे लोक आहो. एका जागचे कलम दुसरीकडे न्यायचे तर मुळाभोवतीची माती सांडू देत नाही, ओलसर बारदान गुंडाळतो, उन्हात ठेवीत नाही. संत्र्याच्या रोपाला जी काळजी, ती पोटच्या लेकराला का नको? त्याची शाळा, त्याचे सोबती, त्याची आजी, त्याचे दोन्ही मायबाप ही त्याची माती आहे. घर मोडले तरी ती माती मोडू नका.

जोतीरावांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घराचे दार आडवाटेला पडलेल्या विधवांच्या तान्ह्यांसाठी उघडले, तेव्हा त्यांनी मायबापाची जात व चूक विचारली नाही; लेकरू पाहिले. आपल्या बैठकीतही आधी लेकरू पाहा, भांडी मागाहून मोजा. ज्या घरात आज हा कज्जा चालू आहे, त्यांनी येत्या सोमवारी तालुक्याच्या कोर्टात जाऊन एक साधा अर्ज द्यावा. अर्ज लिहिण्यास मदत पाहिजे असेल तर शाळा सुटल्यावर आम्ही शाळेतच असतो.