लोणार : प्रवाहाविना तीर्थ
(भाषणाचा संपादित अंश)



काशीचा बालाजी घाट मराठी यात्रेकरूस परका वाटत नाही. पेशव्यांशी नाते सांगणाऱ्या या घाटाच्या पायऱ्या उतरून गंगास्नान करावे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची आस. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हेही तसेच जलतीर्थ. मात्र दोहोंत एक मूलभूत भेद आहे. गंगा वाहते, लोणार सरोवरातून पाणी बाहेर पडण्यास वाटच नाही.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. भोवती ज्वालामुखीजन्य बेसाल्ट असल्याने हे ज्वालामुखीचेच मुख असावे, असा समज दीर्घकाळ टिकला. पुढे विवरात छिद्रे घेऊन काढलेल्या नमुन्यांत प्रचंड आघातानेच निर्माण होणारे मॅस्केलिनाइट आढळले आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उल्कापाताचा पक्ष भक्कम केला. सुमारे १.८ कि.मी. व्यासाच्या या विवराचे वय आर्गॉन कालमापनानुसार पाच लाख वर्षांहून अधिक आहे.

झरे व पावसाचे पाणी येथे येते आणि मुख्यतः बाष्परूपानेच जाते. क्षार मागे उरतात. म्हणूनच पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो व त्यात मोजकीच सूक्ष्मजीवसृष्टी तग धरते. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय आर्किया असल्याचे सांगितले. त्याच वर्षी सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

दर्जा मिळाला, तरी रक्षण आपोआप होत नाही. वस्तीचे सांडपाणी व शेतातील खते यांचा अंश एकदा आत आला की तेथेच साचतो. गोडे पाणी अधिक आले तर क्षारता घटते आणि लाखो वर्षांचा समतोल ढळतो. वाहत्या गंगेलाही आपला भार पेलवला नाही, म्हणून १९८६ साली वाराणसीतूनच गंगा कृती योजनेचा प्रारंभ करावा लागला. मग बंदिस्त लोणारची काय कथा?

यास्तव सांडपाण्यावर काठापलीकडेच प्रक्रिया, पाणलोटात खतांचा संयमित वापर, आणि निर्माल्य व साबण यांना मज्जाव, एवढे तरी पथ्य शासन, ग्रामस्थ व पर्यटक यांनी मिळून पाळले पाहिजे. या कामी यात्रेकरूंची श्रद्धा अडसर न ठरता साह्यभूत ठरू शकेल.