घरातली माशांची पेटी
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर पापड-लोणच्यांवर, भरतकामावर आणि बाळाच्या आहारावर भाषणे झाली. माशांवर झाले ते फक्त कालवणाचे! त्यामुळे चिटणीसबाईंनी "तुमच्या घरच्या माशांच्या पेटीबद्दल बोला" असे सांगितले तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण नऊ वर्षे ही पेटी आमच्या घरात आहे आणि तिची निगा माझ्याकडे आहे. हातांना जे ठाऊक झाले तेवढेच सांगते.

ही हौस आपल्याकडे काही आजची नव्हे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, आणि शाळेच्या सहलीला जाऊन आलेल्या कितीतरी मुलांनी घरी येऊन "आपल्याकडेही मासे आणा" असा हट्ट धरला. पुढचे तुम्हांला ठाऊक आहे. मुले हट्ट करतात, वडील पेटी आणतात, आठ दिवस सगळे काचेला नाक लावून बसतात. नवव्या दिवशी पाणी गढूळ झाले, की सगळ्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळते! म्हणून हा विषय आपलाच म्हणायचा.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी मोठ्या उत्साहाने पेटी साफ केली. मासे बादलीत काढले, सगळे पाणी मोरीत ओतले, खडे नळाखाली खसखसून चोळले, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून धुतला. काच आरशासारखी लखलखली. नळाचे ताजे पाणी भरून मासे सोडले. चार दिवसांत पाचांपैकी चार मासे गेले. घरातली धाकटी मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. "एवढी स्वच्छता केली तरी कसे गेले हो?" असे त्या मला विचारीत होत्या. भगिनींनो, ते मासे घाणीने गेले नाहीत. त्या स्वच्छतेनेच गेले.

याचे कारण मला माझ्या मुलीने तिच्या पुस्तकावरून समजावून दिले. मासा त्याच पाण्यात खातो आणि त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विषासारखा. पण पेटी जुनी होत जाते तसे खड्यांवर आणि मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जंतू वस्ती करतात. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात; तेही विषारीच. दुसरे त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच निरुपद्रवी. हे जंतू म्हणजे आपल्या दह्याचे विरजण समजा. विरजणाचे भांडे कोणी घासून पालथे घालते का? नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. त्या पाण्याने सगळे एकदम धुतले, की आपले विरजण गेले. आणि तेच क्लोरीन माशांच्या कल्ल्यांनाही बाधते.

तेव्हा नियम एवढाच, की थोडे थोडे आणि नेमाने करावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा पेटीत सुमारे पन्नास लिटर पाणी राहते. दर आठवड्याला त्यातले चौथा हिस्सा, म्हणजे साधारण एक बादली पाणी बदलावे. सगळे कधीही काढू नये.

माझी रीत सांगते. आदल्या दिवशी एक बादली पाणी उघडे भरून ठेवते. दिवसभरात क्लोरीन बहुधा उडून जाते. घाई असली तर क्लोरीन मारणारे थेंब माशांच्या दुकानात मिळतात. ही बादली निराळीच ठेवावी, कपड्यांच्या साबणाची नको. मग पेटीचे सगळे प्लग काढावेत. विजेशी खेळ नको. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन सोडावी, म्हणजे ओघळ आला तरी तो प्लगात शिरत नाही. नंतर रबरी नळी पाण्याने भरून, दोन्ही टोके अंगठ्याने दाबून, एक टोक पेटीत आणि दुसरे खालच्या बादलीत सोडावे. तोंडाने ओढू नये. पेटीतले टोक खड्यांवरून फिरवले, की तळची घाण पाण्याबरोबर येते. त्याच काढलेल्या पाण्यात फिल्टरचा स्पंज दोनदा बुचकळावा, नळाखाली नव्हे. काचेवरचे शेवाळ कोऱ्या मऊ स्पंजाने पुसावे. साबण किंवा भांड्यांची पावडर मुळीच लावू नये. नवे पाणी हाताला पेटीतल्या पाण्याइतकेच गार-कोमट लागले पाहिजे, आणि ते सावकाश ओतावे. काढलेले पाणी कुंड्यांना घाला. माझी जास्वंद त्याच्यावर पोसली आहे.

निम्मी घाण तर खाण्यानेच होते. दोन मिनिटांत संपेल तेवढेच घालावे. आजोबा एक चिमूट, पाहुणे एक चिमूट, असे झाले की पाणी नासलेच. डबा एकाच माणसाच्या ताब्यात असावा. आठवड्यातून एक दिवस माशांना एकादशी घडली तरी काही बिघडत नाही! पेटी उन्हाच्या खिडकीत ठेवू नये आणि दिवा सहा ते आठ तासांहून जास्त लावू नये, म्हणजे पाणी हिरवे होत नाही. गोल्डफिश गोल बरणीत ठेवू नका. तो वीतभर वाढणारा मासा आहे, त्याला मोठी पेटी हवी.

नवी पेटी घेणाऱ्यांनी पहिला महिना-दीड महिना एखाद-दुसराच मासा ठेवावा. कोणाची निरोगी जुनी पेटी असेल, तर तिच्या स्पंजाचा तुकडा मागून आणून आपल्या फिल्टरमध्ये घालावा, जसे शेजारणीकडून विरजण आणतो तसे. माझ्याकडे कोणीही यावे, मी देईन.

आणखी एक. कंटाळा आला म्हणून मासे नदीत किंवा तळ्यात सोडू नका. त्यात पुण्य नाही. काच चाटणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अशाच सोडण्यामुळे तो आपल्या देशातल्या पुष्कळ नद्या-तलावांत पसरला आणि तिथल्या माशांच्या व कोळी बांधवांच्या मुळावर आला आहे. नको असलेला मासा दुसऱ्या घरी द्यावा किंवा दुकानात परत करावा.

शेवटी एवढेच सांगते. मांजर भुकेले झाले तर ओरडते, कुत्रा पदर ओढतो. मासा काही बोलत नाही. त्याचा जीव पाण्यात आणि ते पाणी आपल्या हातात. म्हणून ही शोभेची वस्तू आहे असे मुलांना वाटू देऊ नका. आमच्याकडे आता रविवारची बादली मुलगा भरतो, नळी मुलगी धरते, आणि मी फक्त उभी राहून पाहते. ज्याने मासे मागितले त्याच्या हाती बादली द्या. मासेही जगतील आणि मुलेही काही शिकतील.