पाणी पिण्याची रजा



नाशकांतील माझ्या वर्गांत एक विद्यार्थी होता. दर तासाला तो पाण्यासाठीं व लघवीसाठीं रजा मागे. डोकें दुखतें म्हणे. बाजूनें आलेला सोबती त्यास दिसत नसे. वर्षभरांत त्याची उंची वाढली नाहीं. मीं त्यास कामचुकार ठरवून बाकावर उभें केलें. पुढें त्याच्या पोष ग्रंथींत क्षयाची गांठ निघाली. ती शिक्षा मला अद्याप बोंचते.

वाटाण्याएवढी ही ग्रंथि नाकाच्या मुळामागें, मेंदूच्या तळाशीं असते. शरीराची वाढ व लघवीचें प्रमाण तिच्या स्रावांवर अवलंबून असतें. दृष्टीचे मज्जातंतु तिच्या वरूनच जातात. तेथें पू वा क्षयाची गांठ क्वचितच होते. कित्येकदां ज्वरही नसतो, म्हणून डॉक्टरांसही प्रथम साधें अर्बुद वाटतें.

एम. आर. आय. व रक्तांतील संप्रेरकांची तपासणी यांवरून रोगाचा माग लागतो. पू असल्यास तो बहुधा नाकावाटे शस्त्रक्रियेनें काढतात व जंतु ओळखून औषध ठरवितात. क्षयावर अनेक महिने औषधें घ्यावीं लागतात. मध्येंच सोडणें घातक. ग्रंथि दुबळी राहिल्यास संप्रेरकें कधीं जन्मभर द्यावीं लागतात.

शिक्षकबंधूंनो, अशी तहान बहुधा मधुमेहाचीही असूं शकेल. निदान डॉक्टरच करतील. आपण पाणी मात्र अडवूं नये, आणि पालकांस त्याच दिवशीं कळवावें. मीं तें केलें नाहीं.